पाव फेरा

छोट्या इंजिनाचा कार्बोरेटर कानाने लावतात. हे मी कुणाकडून शिकलो ते आता आठवत नाही, पण मी किती जणांना शिकवलं ते तोंडपाठ आहे, कारण त्यातल्या एकानेही कधी माझं नाव घेतलं नाही.

काम सोपं आहे. इंजिन आधी चांगलं तापू द्यायचं, मग पूर्ण रेस द्यायची आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने पेट्रोलचा स्क्रू हळूहळू आवळत जायचं. पेट्रोल कमी होतं, हवा जास्त होते, आवाज चढत जातो आणि एका जागी इंजिन चक्क किंचाळायला लागतं. तिथे थांबून पाव फेरा मागे यायचं. आवाज जरा जाडा, घोगरा होतो. हा घोगरेपणा राखायचा असतो. तो गेला की समजावं, पेट्रोल कमी पडतंय. आणि गवत कापायच्या मशीनमध्ये तेल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, त्यामुळे तेलही कमी पडतं आणि पिस्टन आतल्या आत भाजून जाम होतो.

मी मूळचा धुळ्याकडचा. सिल्वासात एका धाग्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला काढली. पॉलिएस्टरच्या धाग्याला पीळ देणारी लांबच लांब मशीनं एका छपराखाली होती आणि माझं बरंचसं आयुष्य तिथेच गेलं. त्या खात्याला आम्ही नुसतं ‘हॉल’ म्हणायचो. हॉलमध्ये कुणी बोलायचं नाही, बोलून उपयोगच नसायचा. सगळा कारभार हातांच्या खुणांनी आणि माना हलवून चालायचा. निवृत्त झाल्यावर डोकमर्डीतल्या आमच्या सोसायटीने मला सेक्रेटरी केलं. म्हणजे बाकी कुणी तयार नव्हतं.

सोसायटीला पुढे लॉन आहे, मागे नाल्याच्या कडेने मोकळी पट्टी आहे, आणि पावसाळ्यात त्या पट्टीत कमरेएवढं गवत माजतं. माझ्याच सल्ल्याने कमिटीने गवत कापायचं पेट्रोलचं मशीन घेतलं होतं, पट्टा खांद्यात अडकवून चालवायचं. ते चालवायचा आमचा माळी. खानवेलच्या पुढच्या एका पाड्यावरचा, चाळिशी ओलांडलेला, बारीक अंगाचा. सकाळच्या बसने यायचा. अकरा वर्षं तो सोसायटीत होता. बोलायचा कमी, आणि बोलायचा तेही तोंडातल्या तोंडात. कमी बोलणाऱ्या माणसावर माझा मुळातच विश्वास नाही.

तसा जास्त बोलणाऱ्यांवरही नाही म्हणा. आणि हल्ली तर लोकांनी माझ्यासमोर हळू बोलायची टूमच काढली होती. मी लिफ्टमध्ये शिरलो की आतली दोघं कुजबुजायला लागायची. मीटिंगमध्ये अध्यक्ष खजिनदाराच्या कानाशी लागायचे. घरात बायको ओट्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायची आणि काय म्हणून विचारलं की म्हणायची, “काही नाही, जाऊ द्या.” माणसाची खुर्ची गेली की लोक त्याच्यापासून गोष्टी लपवायला लागतात, एवढा अर्थ मी काढला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कार्बोरेटर मात्र मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. दर सोमवारी सकाळी पंपाच्या खोलीसमोर मशीन तापवायचं, रेस द्यायची, कान देऊन स्क्रू लावायचा आणि मशीन माळ्याच्या हवाली करायचं. ऑगस्टमधल्या एका सोमवारी दुपारी गॅलरीतून पाहिलं तर मशीन निळसर धूर टाकत होतं. सकाळी मी लावलं तेव्हा धुराचा पत्ता नव्हता. संध्याकाळी खाली जाऊन स्क्रू पाहिला. त्याची खाच मी सकाळी सरळ उभी ठेवली होती, ती आता तिरपी झाली होती.

स्क्रू आपोआप फिरत नसतो.

पुढच्या सोमवारी बायकोच्या नेलपॉलिशची लाल बाटली खिशात घालून गेलो. कार्बोरेटर लावून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक रेघ ओढली आणि तीच पुढे कार्बोरेटरच्या अंगावरही नेली, म्हणजे दोन्ही समोरासमोर. संध्याकाळी पाहिलं, रेघ पाव फेरा सरकलेली. मोबाइलवर फोटो काढला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच, बरोबर पाव फेरा. त्याच्या पुढच्याही.

आता याचा अर्थ काय लावायचा? स्क्रू ढिला केला की पेट्रोल जास्त जळतं. मग याला पेट्रोल जास्त जाळून काय मिळतं? मशीन मुद्दाम बिघडवून नवं घ्यायला लावायचा बेत असेल. राखोली रोडवरच्या मिस्त्रीशी संगनमत असेल. किंवा रविवारी हा मशीन उचलून कुणाच्या तरी फार्महाउसवर गवत कापायला नेत असेल आणि तिथल्या जाड गवतासाठी फिरवत असेल. या शेवटच्या संशयापायी मी एका रविवारी दुपारी पंपाच्या खोलीत जाऊन इंजिनाला हात लावून पाहिला. थंडगार होतं. पण इंजिन थंड व्हायला कितीसा वेळ लागतो?

“अहो, सरळ विचारा ना त्याला,” बायको माझ्यासमोर येऊन, जरा चढ्या आवाजात म्हणाली. ती हल्ली माझ्याशी चढ्या आवाजातच बोलायची, नाहीतर पुटपुटायची. मधलं काही उरलंच नव्हतं.

“चोराला विचारायचं, बाबा रे, चोरी केलीस का?”

“पण त्याने चोरलंय काय?”

“ते कळेलच,” मी म्हणालो.

कर नाही त्याला डर कशाला, हे माझं तत्त्व. आणि माळी घाबरल्यासारखा दिसत नव्हता, याचाच मला जास्त संशय यायचा. सोमवारी मी मशीन लावत असताना तो चार पावलांवर उभा राहून ऐकत असायचा. मी लावून झालं म्हटलं की मशीन उचलून नाल्याकडे जायचा. तिकडे वळला की त्याची पाठ आमच्या गॅलरीकडे असायची. हेही मी टिपून ठेवलं.

आमच्या अध्यक्षांना बागेचं काम बऱ्याच दिवसांपासून एका एजन्सीला द्यायचं होतं. ते गुजराती, कारखान्यांना खोके पुरवतात, माणूस तसा सरळ. पण अकरा वर्षांच्या माळ्याला कारणाशिवाय काढायचं कसं, म्हणून थांबले होते. मी काहीतरी शोधतोय हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मला घरी बोलावून चहा पाजला. “काका, आप लिख के दो, बाकी मैं देख लूंगा.” म्हणजे माळ्याची नोकरी माझ्या एका वाक्यावर येऊन ठेपली होती, आणि हे मला पक्कं माहीत होतं. खोटं कशाला बोलू, मला त्यात थोडी मजाही वाटत होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणाला तरी माझा शब्द हवा होता.

पण मला पुरावा आणखी पक्का करायचा होता. सप्टेंबरच्या एका सोमवारी मी कार्बोरेटर लावला आणि स्क्रूवर पाइप जोडायची पुट्टी थापून टाकली. अर्ध्या तासात ती दगडासारखी कडक होते. आता फिरव म्हटलं.

माळ्याने मशीन उचललं, पुट्टी पाहिली, आणि तो थेट माझ्याकडे आला. मी पंपाजवळ उभा होतो, पंप चालू होता. तो मशीनकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. तोंड कसनुसं झालं होतं. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. मान हलवली आणि जा, कामाला लाग, असा हात केला. तो मशीन घेऊन गेला.

ते तीन दिवस तो दर दहा मिनिटांनी मशीन बंद करायचा आणि ते सावलीत ठेवून शेजारी बसायचा. कामचुकारपणा, मी लिहून ठेवलं. गुरुवारी दुपारी नाल्याच्या कोपऱ्यात मशीन जागच्या जागी बंद पडलं. दोरी ओढली तर दोरी हलेना. पिस्टन जाम झाला होता.

शनिवारी संध्याकाळी क्लबरूममध्ये कमिटी बसली. मी मोबाइलवरचे फोटो एकेक करून दाखवले, तारखेवार. माळ्याला बोलावलं होतं. तो दाराशी उभा होता, चपला बाहेर काढून.

अध्यक्षांनी विचारलं, “स्क्रू तू फिरवतो काय?”

“हो, फिरवतो.”

“कधीपासून?”

“पयल्यापास्नं.”

एकदम गलका झाला. जो तो बोलायला लागला. त्या गलक्यात माळी माझ्याकडे बघून आणखी काहीतरी म्हणाला, एक वाक्य असेल. त्याचे ओठ हलताना मला दिसले. सापडलेली माणसं सारवासारव करतात, त्यात ऐकण्यासारखं काय असतं? मी काय म्हणून विचारलं नाही. सोमवारपासून येऊ नको असं त्याला सांगण्यात आलं. मी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मशीन दुरुस्तीला टाकायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. राखोली रोडवरचा मिस्त्री नंदुरबारकडचा, म्हणजे बोलायला आमच्याच मुलखातला. तरी त्याच्यावरही माझी नजर होतीच. मी समोर बसून राहिलो. त्याने इंजिन उघडून पिस्टन माझ्या हातात ठेवला. अंगावर उभे ओरखडे, जागोजागी धातू वितळून चिकटलेला. प्लग काढून दाखवला, तो खडूसारखा पांढरा.

“दादा, हे पेट्रोल कमी पडीसन भाजायेल शे,” तो म्हणाला.

“शक्य नाही,” मी म्हणालो. “आमचा माळी स्क्रू ढिला करायचा. म्हणजे पेट्रोल जास्तच मिळत होतं.”

हे बोललो आणि माझं मलाच खटकलं. माळी ढिला करत होता तोवर इंजिन चाललं. पुट्टी लावून मी त्याचा हात बंद केला आणि तीन दिवसांत ते जळालं. एकतीस वर्षं मेंटेनन्स केलेल्या माणसाला एवढं गणित पुरे होतं. पण माझं मन ते मानेना. मी म्हटलं, नवीन पिस्टन टाक, कार्बोरेटर मी लावतो, तुझ्यासमोर.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. मिस्त्रीने इंजिन तापवलं, पूर्ण रेस धरली. मी स्क्रूड्रायव्हर लावला आणि आवळायला लागलो. आवाज घोगरा होता. आणखी आवळला. अजून घोगराच. अजून थोडा, आता येईल टिपेला, असं म्हणतोय तोच मिस्त्रीने माझं मनगट घट्ट धरलं आणि रेस सोडली. मी रागाने वर पाहिलं. गॅरेजमधले दोघं कानांत बोटं घालून उभे होते. रस्त्यापलीकडचा चहावाला हातात गाळणी घेऊन आमच्याकडे बघत होता.

“दादा, ते कवाचं किंचाळत होतं,” मिस्त्री माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला. “तुम्हाले ऐकू नाही आलं?”

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“कंपनीत कोणत्या खात्यात होते?”

“हॉल.”

“मंग बरोबर शे,” तो म्हणाला.

वापीला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने काढलेला आलेख डावीकडे ठीक चालतो आणि मधूनच घाट उतरल्यासारखा खाली जातो. वरचे आवाज गेलेत, म्हणाला, हे दहा-बारा वर्षांचं दुखणं दिसतंय. म्हणजे लिफ्टमध्ये कुणी कुजबुजत नव्हतं. अध्यक्ष खजिनदाराशी रोजच्यासारखंच बोलत होते. बायको ओट्याशी उभी राहून मला भाजी काय करू एवढंच विचारत होती, आणि माझ्या प्रत्येक “काय?”नंतर कंटाळून गप्प बसत होती. मला इतकी शरम वाटली की डॉक्टरच्या जिन्यात मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. अकरा वर्षांची नोकरी असलेल्या माणसाला मी माझ्या बहिरेपणापायी चोर ठरवलं होतं.

पुढच्याच कमिटीत मी उभा राहून सगळं सांगितलं. चूक माझी होती, इंजिन मी जाळलं, मला ऐकू येत नाही. कुणी चकित झालं नाही. अध्यक्षांनी समजुतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाले, “काका, एजन्सी का एक साल का एग्रीमेंट हो गया.” सेक्रेटरीपद मी सोडलं. ते घ्यायलाही कुणी पुढे आलं नाही.

मग एका सकाळी खानवेलची बस धरली, पुढे पाड्यापर्यंत चालत गेलो. माळ्याच्या बायकोने अंगणात खाट टाकली, पाणी दिलं. तो घरी नव्हता, खानवेलच्या बाजाराला गेला होता, तिथूनच कामावर जाणार होता. राखोलीला कंपनीत लागलाय, दुपारची पाळी आहे, असं तिने सांगितलं. मी तसाच परत फिरलो आणि पाळी बदलायच्या वेळेला कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो.

तो बसमधून उतरला आणि मला पाहून स्वतःच पुढे आला. मी त्याला भिंतीच्या कडेला घेतलं आणि माझ्या अगदी समोर उभं केलं, ओठ दिसतील असं.

“तू मला सांगितलं का नाहीस रे?”

“सांगितलेलं, सायेब. पयल्याच पावसात. म्हटलं, तुमी लावता ते लई आवळ व्हते, मी पाव फेरा ढिला करून घेत जाऊ का? तुमी मुंडी हलवली.”

हॉलमध्ये मान हलवणं म्हणजे फक्त ‘तू दिसलास’ एवढंच असायचं. समोरचा काय म्हणाला ते कळलं असं नाही. एकतीस वर्षं मी तशीच मान हलवत आलो, आणि हॉल सुटल्यावरही ती हलायची थांबली नव्हती. हे त्याला कुठून ठाऊक असणार?

“आणि लाल रेघ? ती दिसली नाही तुला?”

“दिसली ना. ती तुमी माझ्यासाठीच केलेली ना? मला बरं पडलं. रेघेपास्नं पाव फेरा, मोजाया सोपं.”

मला खाली बघावंसं वाटलं, पण खाली बघितलं तर त्याचे ओठ दिसले नसते.

“पुट्टी लावली तेव्हा?”

“तवा विचाराया आलेलो. पंप चालू व्हता. तुमी मुंडी हलवली न् जा म्हणून हात केला. मग मी थांबवून थांबवून चालवलं, थंड करीत. तरी गेलं.”

“मीटिंगमध्ये मला काय म्हणालास?”

“तेच. सायेबांना विचारून करतो, म्हटलं.”

मी म्हणालो, “चूक माझी झाली. मला ऐकू येत नाही.”

“ते तं सगळ्यांना ठाऊक हाय, सायेब,” तो म्हणाला. त्यात कसलाही राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी त्याला म्हणालो की वर्ष संपलं की एजन्सीला घालवतो, कमिटीशी भांडतो, तू परत ये. त्याने नकार दिला. इथे पगार बरा आहे, फंड कापतात, पाळी सुटली की कंपनीची गाडी खानवेलपर्यंत सोडते. गवतापेक्षा बरं, म्हणाला. त्याचं चांगलं झालं, असं म्हणून मी सुटणारच होतो. सुटकेच्या भरातच विचारलं, “काम कुठलं दिलंय?”

“धाग्याला पीळ देत्यात ना, तिथं. बॉबिन बदलाया. लई आवाज, सायेब.”

“कानात घालायला बोळे देतात ना?”

“देतात. पण कोण घालीत नाय. खाज येते.”

माझेही एकतीस वर्षं खिशातच असायचे. मी त्याचा दंड धरला आणि ओरडलोच, घालत जा, पहिल्या दिवसापासून घालत जा, माझ्याकडे बघ. आजूबाजूचे लोक आमच्याकडे बघायला लागले. हो सायेब, घालतो, असं तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं. मला त्याच्या घालण्याचा अजिबात भरवसा वाटला नाही. इतके दिवस मी त्याच्यावर फुकट संशय घेतला होता, पण हा संशय खरा होता, आणि त्याचं मी काहीही करू शकत नव्हतो.

भोंगा झाला. तो घोळक्याबरोबर गेटकडे निघाला. रस्त्यावर ट्रक उभे होते, हॉर्न वाजत होते. तो पाच-सहा पावलं गेल्यावर मी मागून हाक मारली, मुद्दाम हळू, इतकी हळू की ती माझी मलाच ऐकू आली नाही. तो लगेच वळला आणि काय म्हणून बघत उभा राहिला. त्याला अजून ऐकू येतं ना, एवढंच मला बघायचं होतं. मी जा म्हणून हात केला, आणि पाळीची वेळ झाली म्हणून तो आत गेला.